जहाज एक, सरकारे चार

समुद्रापासून दूर, घाटावरच्या गावांत राहणाऱ्या श्रोत्यांपुढे जहाजबांधणीचा विषय मांडावयाचा, आणि तोही ब्रिटनमधील जहाजबांधणीचा, हा उद्योग कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण हा विषय वाटतो तितका परका नाही. १९६८ साली मुंबईच्या माझगाव गोदीत 'नीलगिरी' ही युद्धनौका पाण्यात सोडण्यात आली. आपल्या देशात बांधलेली ती पहिली मोठी आधुनिक युद्धनौका. तिच्या बांधणीस व्हिकर्स आणि यारो या दोन ब्रिटिश कंपन्यांचे तांत्रिक साहाय्य होते. त्यांपैकी यारोची गोदी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरात, क्लाइड नदीच्या काठी स्कॉट्सटन येथे होती. मालक बदलले, नावाची पाटी बदलली, तरी ती गोदी आजही चालू आहे आणि तेथे आजही युद्धनौका तयार होतात. ज्या गोदीने एके काळी आपल्या लोकांना कसब शिकवण्यास हातभार लावला, ती गोदी आज 'आम्हांला वेल्डर द्या, पाइपफिटर द्या' म्हणून हाका मारीत आहे. त्या हाकेला उत्तर कोणी द्यावयाचे, लंडनच्या मध्यवर्ती सरकारने की एडिंबरोच्या स्कॉटिश सरकारने, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय.

प्रथम हे कसब म्हणजे काय ते थोडे पाहू. जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तांडेल, कप्तान आणि शिडे येतात. परंतु आजचे जहाज म्हणजे पोलादी पत्र्यांची एक तरंगती इमारत असते. ती पायापासून वर चढत जात नाही. तिचे मोठमोठे खंड निरनिराळ्या शेडांत, कधी कधी निरनिराळ्या गावांत, आतल्या नळांसह आणि तारांसह तयार होतात आणि मग एका ठिकाणी आणून सांधले जातात. ब्रिटनच्या दोन विमानवाहू नौकांचे असेच झाले. त्यांचे खंड गव्हन, रोसाइथ, पोर्टस्मथ, बर्कनहेड, हेबर्न आणि ॲपलडोर या सहा ठिकाणी बांधले गेले. यांपैकी पहिली दोन ठिकाणे स्कॉटलंडमधील, बाकीची इंग्लंडमधील. जुळणी रोसाइथला झाली. एकेक नौका पासष्ट हजार टनांची. आता इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये बांधलेला खंड शेकडो मैल समुद्रातून ओढत आणून स्कॉटलंडमधील खंडाला भिडवावयाचा, तर दोन्हीकडच्या हातांचे माप एकच असले पाहिजे. पत्रा तापला की ताणतो, निवला की आकसतो. किती ताणेल याचा अदमास कागदावरून थोडा येतो, बाकीचा हाताला यावा लागतो. सांध्यात आत एखादा बुडबुडा राहिला तर वरून दिसत नाही. ध्वनिलहरी सोडून किंवा क्ष-किरणांनी तपासल्यावर तो उघड होतो, आणि मग तो सांधा खरवडून पुन्हा भरावा लागतो. असा हात तयार व्हावयास साधारणपणे चार वर्षांची उमेदवारी लागते, आणि पाणबुडीच्या कामाला लायक व्हावयाचे तर त्यापुढेही काही वर्षे. चार वर्षे हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी अडचण त्यातून निघते.

आता राज्यव्यवस्थेकडे वळू. ब्रिटन हे आपल्यासारखे संघराज्य नव्हे. तेथे लिखित राज्यघटना नाही, केंद्राच्या आणि राज्यांच्या विषयांच्या सूच्या नाहीत. सार्वभौम सत्ता एकच, वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटची. पण या पार्लमेंटने १९९८ साली कायदे करून आपले काही अधिकार स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या प्रतिनिधिसभांकडे सोपवले. इंग्लंडला मात्र स्वतंत्र सभा नाही; तेथील कारभार मध्यवर्ती सरकारच पाहते. सोपवलेल्या विषयांत शिक्षण आणि धंदेशिक्षण येते. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, परदेशी माणसांना प्रवेश देणे आणि बहुतेक कर हे विषय लंडनने आपल्याकडे ठेवले. यात स्कॉटलंडची गोष्ट थोडी निराळी. १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांची पार्लमेंटे एक झाली, तरी स्कॉटलंडचे कायदे, चर्च आणि शाळा वेगळ्याच राहिल्या. म्हणजे शिक्षण हा स्कॉट लोकांना काल मिळालेला अधिकार नव्हे. तीनशे वर्षे सांभाळलेला तो त्यांचा घरचा ठेवा आहे. लंडनच्या एखाद्या मंत्र्याने त्यात हात घातला की एडिंबरोत भुवया का चढतात हे यावरून कळावे.

या वाटणीत जहाजबांधणी अगदी सांध्यावर येऊन बसली आहे. आज ब्रिटनमधील मोठ्या गोद्यांना मुख्य गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे नौदल. कोणते जहाज, किती, केव्हा आणि कोठे बांधावयाचे हे लंडन ठरवते. पण ते बांधणारा मुलगा ग्लासगोच्या कॉलेजात काय शिकेल आणि त्याच्या शिकवणुकीचा खर्च कोणत्या थैलीतून निघेल हे एडिंबरो ठरवते. बेलफास्टला असेल तर बेलफास्टचे सरकार ठरवते. कामाची खात्री एकाच्या हाती आणि शिकवणुकीची थैली दुसऱ्याच्या हाती. आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म एवढ्यात आहे.

पूर्वी असे नव्हते काय? पूर्वी निराळे होते. १८९० च्या सुमारास जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक जहाजे ब्रिटनमध्ये बांधली जात. तेव्हा उमेदवारी ही बापाकडून मुलाकडे, मेस्त्रीकडून पोऱ्याकडे चालत आलेली गोष्ट होती. सरकारचा तिच्याशी संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान पुढे आला, नंतर कोरिया, आणि ब्रिटनच्या गोद्या एकामागून एक गळू लागल्या. १९६४ साली पार्लमेंटने औद्योगिक शिक्षणाचा कायदा केला. त्याची कल्पना साधी आणि आम्हांस आजही शहाणपणाची वाटते. प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ. ते त्या धंद्यातील सर्व मालकांकडून ठराविक वर्गणी सक्तीने गोळा करी आणि जो मालक मुले शिकवी त्याला त्यातून अनुदान देई. जहाजबांधणीसाठीही असे मंडळ होते. त्यामागील हिशेब असा की, एक मालक चार वर्षे खर्च करून वेल्डर तयार करतो आणि शेजारचा मालक चार पैसे जास्त देऊन त्याला उचलून नेतो. मग शिकवणारा मूर्ख ठरतो. वर्गणी सक्तीची केली की उचलणाऱ्यालाही खर्चाचा वाटा उचलावा लागतो. १९८० नंतर वाऱ्याची दिशा पालटली, बाजाराने सर्व आपोआप होते असे म्हणणारे लोक सत्तेवर आले आणि अशी बहुतेक मंडळे मोडीत निघाली. गोद्याही १९७७ साली राष्ट्रीय मालकीच्या झाल्या होत्या, त्या पुन्हा विकल्या गेल्या.

पुढे पस्तीस-चाळीस वर्षांनी सक्तीच्या वर्गणीची तीच कल्पना नव्या वेषात परत आली. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ उमेदवारीसाठी खास कर सुरू झाला. ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक, त्याने पगारखर्चाच्या अर्धा टक्का रक्कम भरावयाची; पैकी १५,००० पौंडांची सूट. कर साऱ्या ब्रिटनभर एकच. पण भरलेला पैसा परत येण्याची वाट मात्र चार ठिकाणी चार प्रकारची. येथेच गोम आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका जहाजकंपनीचा पगारखर्च १ कोटी पौंड आहे. अर्धा टक्का म्हणजे ५०,००० पौंड. सूट वजा जाता ३५,००० पौंड कर. आता या कंपनीचे निम्मे पगार इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना आणि निम्मे स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना मिळतात असे धरू. २०१७ च्या मूळ योजनेप्रमाणे निम्मी रक्कम, म्हणजे १७,५०० पौंड, कंपनीच्या नावे उघडलेल्या खात्यात जमा होई आणि त्यात सरकार दहा टक्के भर घाली. या १९,२५० पौंडांतून कंपनीने इंग्लंडमधील उमेदवारांचे शिक्षण करवून घ्यावे. उरलेले १७,५०० पौंड? ते लंडनच्या खजिन्यात जाऊन, एकूण हिशेबातून, स्कॉटिश सरकारला मिळणाऱ्या ठोक अनुदानात मिसळून जात. ठोक अनुदान म्हणजे घरखर्चाला दिलेली एकरकमी रक्कम. तिच्यावर 'उमेदवारांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. स्कॉटिश सरकार त्यातून इस्पितळ चालवील, रस्ता करील किंवा उमेदवार शिकवील. त्याने उमेदवारांवर खर्च केला नाही असे मुळीच नाही. त्याची स्वतःची उमेदवारीची योजना जुनी आणि चांगली आहे. परंतु कंपनीच्या हिशेबनिसाला दिसते ते एवढेच, की इंग्लंडमध्ये भरलेला पैसा खात्यात दिसतो आणि स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड येथे भरलेला पैसा नजरेआड होतो. मालकांची जी मोठी तक्रार झाली ती हीच. सरकारचे उत्तर तयार असते: धंदेशिक्षण हा सोपवलेला विषय, त्याचा पैसा कसा खर्चावा हे आम्ही सांगू शकत नाही. उत्तर कायद्याने बरोबर आहे. तक्रारही बरोबर आहे. दोन बरोबर गोष्टींची टक्कर होते तेव्हाच राज्यकारभार अवघड होतो.

यात आणखी एक गंमत आहे. खात्यात किती रक्कम जावयाची हे नोकर कोठे राहतो यावरून ठरे. पण उमेदवाराचे शिक्षण कोणत्या योजनेतून करावयाचे हे तो काम कोठे करतो यावरून ठरे. बर्कनहेडची गोदी इंग्लंडमध्ये आहे. तेथून जवळच डी नदीच्या खाडीपलीकडे वेल्स लागते. समजा, एक कामगार पलीकडच्या काठावर राहतो आणि रोज अलीकडे कामावर येतो. त्याच्या पगारावरचा कर वेल्सच्या हिशेबात गेला, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या उमेदवाराचा खर्च मात्र इंग्लंडच्या हिशेबातून. एकाच दुकानात गल्ला एकीकडे आणि माल दुसरीकडे, असा हा प्रकार. कोणी मुद्दाम केलेला नव्हे. लंडनच्या कचेरीत नकाशा समोर न ठेवता नियम लिहिला की असे होते.

पैशाचे असे, प्रमाणपत्राचे काय? वेल्डिंगच्या प्रत्यक्ष परीक्षेला जगभर मान्य असलेली मापे आहेत, आणि जहाजाचा विमा उतरावयाचा तर लॉइड्स रजिस्टरसारख्या संस्थेचा निरीक्षक सांधा तपासतो. तो सांधा वेल्श हाताने केला की आयरिश हाताने, हे तो विचारीत नाही. म्हणजे अगदी तळाशी, पोलादाच्या पातळीवर, समन्वय झालेलाच आहे आणि तो कोणत्याही मंत्र्याने केलेला नाही. घोळ त्याच्या वर सुरू होतो. चार वर्षांची उमेदवारी म्हणजे केवळ वेल्डिंग नव्हे. त्यात नकाशा वाचणे, गणित, सुरक्षितता, इतर कसबांची तोंडओळख हे सर्व येते. या साऱ्याचे मोजमाप करण्यासाठी ब्रिटनभर समान असे धंदेवार दर्जे आखलेले होते. २०१२ नंतर इंग्लंडने आपली वाट बदलली. मालकांच्या गटांनी नवे दर्जे लिहावयाचे आणि उमेदवारीच्या अखेरीस एक मोठी परीक्षा घ्यावयाची अशी पद्धत आणली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड जुन्या समान दर्ज्यांवर राहिले आणि टप्प्याटप्प्याने काम पाहून पारख करण्याची पद्धत स्कॉटलंडने चालू ठेवली. कोणती चांगली यावर आम्ही मत देणार नाही. दोन्ही पद्धतींतून उत्तम कारागीर निघतात. पण ॲपलडोरहून रोसाइथला नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या हातातील कागद पाहून तिकडच्या मुकादमाला क्षणभर थांबावे लागते, आणि कॉलेजांना एकाच धंद्यासाठी दोन प्रकारची पुस्तके ठेवावी लागतात. आपल्याकडे, इतर पुष्कळ दोष असले तरी, एवढे बरे आहे की आय. टी. आय. राज्य सरकार चालवते पण तेथील धंद्याचे प्रमाणपत्र राष्ट्रीय असते. नागपूरचा फिटर कोचीन किंवा विशाखापट्टणच्या गोदीत गेला तर त्याचा कागद ओळखीचा असतो, आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही साऱ्या देशाला एकच आहे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून सारा दोष अधिकारवाटणीचा आहे असे कोणाला वाटेल. तसे मुळीच नाही, आणि आमच्या मते या प्रश्नावर लिहिणारे लोक येथेच घसरतात. बॅरोची गोष्ट पाहा. बॅरो इंग्लंडमध्ये आहे. पाणबुड्या तेथेच बांधल्या जातात, मागणी लंडनची आणि शिक्षणाचे धोरणही लंडनचे. चार सरकारांचा तेथे काही संबंध नाही. तरीही व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्यांचे काम संपत आले आणि अॅस्ट्यूट वर्गाचे काम वेळेवर सुरू झाले नाही, त्या मधल्या काळात तेरा हजारांच्या आसपास असलेले कामगार तीन हजारांच्या आसपास आले. पांगलेले कसब पुन्हा जमेना. अखेर २००३ च्या सुमारास अमेरिकेतील पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीची माणसे मदतीला बोलवावी लागली आणि पहिली अॅस्ट्यूट २०१० साली नौदलात आली, ठरल्या वेळेच्या कित्येक वर्षे मागाहून. एका हाती सर्व सूत्रे असूनही हे झाले.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. क्लाइडच्या मुखाशी पोर्ट ग्लासगो येथे फर्ग्युसन नावाची छोटी गोदी आहे. तिला २०१५ साली बेटांना जोडणाऱ्या दोन फेरीबोटींचे काम मिळाले, किंमत ९.७ कोटी पौंड. गिऱ्हाईक स्कॉटिश सरकारचीच कंपनी, शिक्षण स्कॉटिश सरकारचे, आणि २०१९ साली गोदी बुडू लागली तेव्हा तिची मालकीही स्कॉटिश सरकारने घेतली. लंडनचा अडथळा कोठेच नाही. पहिली बोट २०१७ च्या नोव्हेंबरात मोठ्या समारंभाने पाण्यात सोडली. तिच्या कित्येक खिडक्या खऱ्या नव्हत्या, रंगवलेल्या होत्या. ती प्रवाशांच्या सेवेत आली जानेवारी २०२५ मध्ये, आणि खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. आराखडा पुरा होण्याआधी पत्रा कापावयास घेतला, हे त्यातले मोठे कारण. तेव्हा सत्ता एकवटली म्हणजे काम सुरळीत होते, हे म्हणणे लंडनच्या बाबतीत खरे ठरले नाही आणि एडिंबरोच्याही नाही.

मग अडचण कोठे आहे? आमच्या समजुतीप्रमाणे ती मुख्यतः वेळेची आहे. उमेदवार तयार व्हावयास चार वर्षे लागतात. ज्याने आज त्याला भरती करावयाचे त्याला चार वर्षांनंतर काम असेल की नाही हे आज कळले पाहिजे. टाइप २६ या युद्धनौकांचे पाहा. आधी १३ बांधण्याचा विचार होता. २०१५ साली तो आकडा ८ वर आला. पहिल्या तिघींची मागणी २०१७ साली, उरलेल्या पाचांची २०२२ च्या नोव्हेंबरात. मधली पाच वर्षे गोदीने किती मुले घ्यावीत? तेरा जहाजांच्या हिशेबाने, आठांच्या की तिघांच्या? पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेनेही याच जातीच्या जहाजांची निवड केली आणि काम एकदम वाढले. पण २०२५ साली वाढलेल्या कामाला लागणारा कारागीर २०२१ सालीच भरती झालेला असावयास हवा होता. मागणी देणारा आणि शिकवणारा एकच असेल तर तो निदान स्वतःशी बोलू शकतो. येथे ते दोघे वेगळे, बहुधा वेगळ्या पक्षांचे, आणि एकाला दुसऱ्याची चूक निवडणुकीत उपयोगी पडणारी.

हे लंडनच्या ध्यानात आले नाही असे नव्हे. २०१७ साली राष्ट्रीय जहाजबांधणी धोरण जाहीर झाले, २०२१ साली त्यासाठी एक कचेरी निघाली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये सुधारलेले धोरण निघाले. त्यात पुढील तीस वर्षांत लागणाऱ्या दीडशेहून अधिक सरकारी जहाजांची यादी दिली होती. आमच्या मते साऱ्या धोरणात ही यादीच सर्वांत मोलाची. तिच्याबरोबर जहाजबांधणीच्या कसबांसाठी एक समिती नेमली गेली. उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना एकत्र बसवून चारही भागांसाठी काय करावे हे तिने सांगावयाचे होते. तिने २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. अशा समितीला शिफारस करता येते, हुकूम सोडता येत नाही, आणि धंदेशिक्षण सोपवलेला विषय असल्यामुळे तिला नेमणाऱ्या मंत्र्यालाही इंग्लंडच्या बाहेर हुकूम सोडता येत नाही.

आणि ऐकणारा जागेवर असेलच असेही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये काय झाले ते पाहा. बेलफास्टची हारलंड अँड वुल्फ ही गोदी 'टायटॅनिक' बांधणारी म्हणून जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे पस्तीस हजारांच्या घरात माणसे काम करीत. ऑगस्ट २०१९ मध्ये ती दिवाळ्यात गेली तेव्हा सव्वाशेच्या आसपास उरली होती, आणि ती गोदीच्या फाटकाशी ठाण मांडून बसली होती. नवा मालक मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये नौदलाला रसद पुरवणारी तीन मोठी जहाजे बांधण्याचा १६० कोटी पौंडांचा करार झाला आणि त्यांची अखेरची जुळणी बेलफास्टला करण्याचे ठरले. बऱ्याच वर्षांनी खरे जहाज बांधावयाचे, म्हणजे शेकडो कसबी हात नव्याने तयार करणे आले. परंतु त्या वेळी बेलफास्टच्या सरकारात एकही मंत्री नव्हता. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारनियमांवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील मंत्रिमंडळ कोसळले होते, आणि ते पुन्हा उभे राहिले फेब्रुवारी २०२४ मध्ये. चिटणीस होते, कागद फिरत होते. पण कॉलेजात नवे वर्ग उघडू, त्यासाठी अमुक रक्कम देऊ, असा नवा निर्णय घेणारा हात नव्हता. लंडनने मागणी दिली आणि दारावर थाप मारली, तर घरात कोणी नाही.

स्कॉटलंडमध्ये २०२५ साली जे घडले ते याहून बोचरे. तेथे घर रिकामे नव्हते. घरधन्याने विचारपूर्वक नाही म्हटले. रोल्स-रॉइस कंपनी ग्लासगोमध्ये पाणबुड्यांच्या कामासाठी उच्च दर्जाच्या वेल्डिंगचे शिक्षणकेंद्र काढू पाहत होती. त्यासाठी स्कॉटिश सरकारच्या उद्योगसंस्थेकडून २५ लाख पौंडांची अपेक्षा होती. ती नाकारण्यात आली, कारण दारूगोळा आणि शस्त्रे यांच्या निर्मितीस सार्वजनिक पैसा द्यावयाचा नाही असे स्कॉटिश सरकारचे जुने धोरण होते. लंडनच्या संरक्षणमंत्र्यांनी यावर कडक टीका केली आणि ही रक्कम आम्ही देऊ असे सांगितले. २०२० च्या एका कायद्याने मध्यवर्ती मंत्र्यांना सोपवलेल्या विषयांवरही थेट खर्च करण्याची मुभा मिळालेली आहे. त्या कायद्याला स्कॉटलंड आणि वेल्स यांच्या सरकारांची हरकत होती, कारण त्यांच्या मते दिलेला अधिकार त्यामुळे मागल्या दाराने परत घेतला जातो. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये स्कॉटिश सरकारनेच आपले ते बंधन उठवले.

या वादात कोणाचे बरोबर? आमचे मत असे. अण्वस्त्रांना विरोध असलेल्या लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला, आमचा पैसा त्यात जाणार नाही असे म्हणण्याचा अधिकार आहे. तो अधिकार द्यावयाचा नसेल तर सभा स्थापण्याचे नाटक तरी कशाला? पण वेल्डिंग हे शस्त्र नव्हे. जो हात पाणबुडीचा सांधा करतो तोच हात समुद्रातील पवनचक्कीचा पाया सांधतो, फेरीबोट सांधतो, आणि त्या मुलाला उद्या कोठे काम करावयाचे हे तो स्वतः ठरवतो. कारखान्याला दिलेले अनुदान आणि मुलाला दिलेले शिक्षण यांत स्कॉटिश धोरणाने फरक केला असता, तर तत्त्वही राहिले असते आणि केंद्राची कोंडीही झाली नसती. आणि लंडनच्या मंत्र्यांनी जाहीर टोमणे मारण्यापूर्वी एडिंबरोला दोन पत्रे जास्त लिहिली असती, तर त्यांचेही काही बिघडले नसते.

समन्वय म्हणजे सारी सूत्रे एका हाती देणे, असे आम्ही समजत नाही. ते करून काय होते हे बॅरोने दाखवले आहे. जहाजांची यादी दरवर्षी प्रामाणिकपणे चारही सरकारांपुढे ठेवावी आणि ती बदलली तर तो बदल उमेदवारांच्या भरतीपूर्वी कळवावा, ही पहिली गरज. प्रमाणपत्रे निराळी राहोत, पण एकाचे दुसऱ्याने बिनबोभाट मान्य करावे. करातील प्रत्येक भागाचा वाटा कोठे गेला हे भरणाऱ्याला दिसावे, मग तो कसा खर्चावा हे त्या त्या सरकारने ठरवावे. यात अधिकारांची ओढाताण नाही. यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

पण एक गोष्ट यादीने किंवा पत्रांनी सुटत नाही. उमेदवारीच्या मध्यावरच कंपनी बुडाली तर मुलाने कोठे जावे? हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२४ च्या सप्टेंबरात बेलफास्टच्या गोदीची मालक कंपनी पुन्हा दिवाळ्यात गेली. तोवर तिच्या गोद्या चार झाल्या होत्या: उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्ट, इंग्लंडमध्ये ॲपलडोर, स्कॉटलंडमध्ये फाइफमधील मेथिल आणि दूर लुईस बेटावरील आर्निश. मालक एक, जहाजाचा करार एक, आणि उमेदवार मात्र तीन निरनिराळ्या व्यवस्थांत विभागलेले. मेथिलच्या उमेदवाराने एडिंबरोच्या संस्थेकडे जावयाचे, ॲपलडोरच्या मुलाने लंडनच्या योजनेकडे, बेलफास्टच्या मुलाने स्टॉर्मॉन्टच्या खात्याकडे. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाचे चौथे वर्ष दुसऱ्या भागातील गोदीत पुरे करून देण्याची वाट तिघांपैकी एकाच्याही हातात नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या सरकारी जहाजकंपनीच्या ब्रिटनमधील शाखेने चारही गोद्या विकत घेतल्या, लंडनने नौदलाच्या जहाजांच्या कराराच्या अटी बदलून दिल्या आणि हजारेक माणसांचे काम वाचले. उमेदवारांना त्यामुळे दुसरीकडे जावे लागले नाही. त्यांच्यासाठी जी वाट तयार असावयास हवी होती ती तयार करण्याचे काम त्यानंतर कोणत्या सरकारचे, हे ठरवणारी बैठक बोलावण्याचा अधिकार आजच्या व्यवस्थेत लंडनला आहे, पण तीत बसलेल्यांवर काही बंधन घालण्याचा अधिकार कोणालाच नाही.